डाकोटा विमानाची कुळकथा

नाशिकजवळच्या ओझर येथें १९६४ सालीं विमानांचा कारखाना निघाला. पुढें मिग, सुखोई अशीं लढाऊ विमानें तेथें बांधलीं गेलीं, आणि त्यांचा गडगडाट या शहराला घरच्या घड्याळाच्या टोल्यांइतका परिचयाचा झाला. विमान डोक्यावरून गेलें कीं शाळकरी मुलें त्याची जात सांगतात. ओझें वाहणाऱ्या विमानाकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाहीं. श्रोतेहो, यांत नवल नाहीं. मराठी फौजांच्या इतिहासांत तलवारबहाद्दरांचीं नांवें राहिलीं; फौजेमागें धान्याच्या गोण्या लादलेले बैल हांकणारे वंजारी अनामच राहिले. पण तांडा वाटेंत अडकला म्हणजे तलवारीही म्यान कराव्या लागत. आज ज्या विमानाची हकीगत सांगावयाची, तें अशा तांड्यांतील बैलाच्या जातीचें आहे. त्याचें नांव डाकोटा.

याचा जन्म युद्धासाठीं झालाच नाहीं. आगगाडीच्या शयनडब्याप्रमाणें उतारूंना रात्रीं निजून प्रवास करतां यावा, म्हणून एका अमेरिकन हवाई कंपनीनें कॅलिफोर्नियांतील डग्लस कारखान्याकडे मागणी केली. तें विमान १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें. त्यांत १४ बिछाने होते. बिछान्यांच्या जागीं २१ खुर्च्या आल्या, आणि डी.सी.-३ या नांवानें तें जगभर फिरूं लागलें.

मग महायुद्ध आलें. उतारूंचें विमान सैन्याच्या कामीं लावावयाचें तर पहिली अडचण दाराची. खुर्चीवर बसावयास जाणाऱ्या गृहस्थाला पुरे होतें तें दार जीप गाडीला कसें पुरावें? म्हणून डाव्या अंगास, शेंपटीकडे, दोन झडपांचें रुंद दार कापण्यांत आलें. ओझ्यानें तळ खचूं नये म्हणून तो मजबूत केला. खुर्च्या गेल्या, दोन्ही भिंतींना लागून मिटतीं बांकें आलीं. या रूपास सी-४७ म्हणतात. पंखांचा विस्तार साडेपंचाण्णव फूट, प्रत्येकीं १२०० अश्वशक्तीचीं दोन एंजिनें, आणि वाहण्याची ताकद २८ सैनिक किंवा सुमारें ६००० पौंड माल. एक खोड मात्र राहिलीच. मागचें चाक शेंपटीखालीं असल्यामुळें जमिनीवर उभें असतां विमानाचें तोंड आकाशाकडे असे. आंतला तळ उतरता. दारांतून घेतलेली जीप आंत वळवून चढावर ढकलावी लागे. हमालांनीं त्या आराखडेकाराला काय म्हटलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

याच कुडींतून पुढें अनेक रूपें निघालीं. छत्रीधारी सैनिकांसाठीं सी-५३ निघालें; माणसांनाच उड्या मारावयाच्या असल्यामुळें त्याला मोठें दार किंवा भक्कम तळ दिला नाहीं, आणि म्हणूनच तें थोडेंच बांधलें गेलें. सी-४७ए मध्यें १२ व्होल्टच्या जागीं २४ व्होल्टची वीजव्यवस्था आली. बाहेरून फरक दिसूं नये असा हा बदल, पण सर्वांत जास्त संख्या याच प्रकाराची भरली. ब्रिटिशांनीं या सर्वांना डाकोटा हें नांव दिलें आणि एक ते चार असे क्रम लावले. रशियानें परवाना घेऊन आपलें लिसुनोव्ह बांधलें, जपाननेंही १९३८ सालीं परवाना घेतला होता. त्यामुळें युद्धांत दोन्ही पक्षांच्या आकाशांत एकाच कुळांतलीं विमानें उडत होतीं.

हिंदुस्थानच्या दृष्टीनें महत्त्वाचें रूप म्हणजे सी-४७बी. १९४२ सालीं ब्रह्मदेशाचा रस्ता जपानच्या हातीं गेला आणि आसामांतून चीनला माल पोंचविण्यास पर्वतांवरून उडण्यावांचून मार्ग उरला नाहीं. उंचीवर हवा विरळ. साडेअकरा हजार फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारें सात दशांश राहते. एंजिनाचा श्वास अपुरा पडतो आणि पंखांना उचलही कमी मिळते. म्हणून या एंजिनांना हवा दाबून भरणारें अधिक जोरकस यंत्र बसविलें.

महायुद्ध संपल्यावर शिल्लक उरलेलीं डाकोटा बंगलोरच्या कारखान्यांत दुरुस्त करून आपल्या वायुदलाला व खासगी हवाई कंपन्यांना देण्यांत आलीं. दुसऱ्यांचीं अशीं उतरलेलीं विमानें २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं दिल्लीहून श्रीनगरास उडालीं. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांची शीख पलटण त्यांत होती. वायुदलाचीं विमानें पुरेनात, म्हणून खासगी कंपन्यांचींही या कामीं लावलीं गेलीं; सहा वर्षांपूर्वीं खुर्च्या काढून सैनिक बसविले होते, तोच प्रयोग पुन्हां घडला.

त्या युद्धांतील लेहचें उड्डाण अधिक प्रसिद्ध आहे, आणि तें योग्यच आहे. २४ मे १९४८ रोजीं एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानें सिंधुकांठीं तयार केलेल्या वाळूच्या पट्टीवर डाकोटा उतरविलें. ज्या विमानांत दाबाची हवा राखण्याची सोय नाहीं तें हिमालयाच्या रांगा ओलांडून साडेअकरा हजार फुटांवर उतरवावें, हें साहस निर्विवाद मोठें. परंतु खरी कसोटी पाहावयाची तर पूंछकडे पाहावें. तेथें शिबंदी वेढ्यांत सांपडली होती आणि तिच्या आश्रयास हजारों निर्वासित आले होते. सैनिकांनीं व नागरिकांनीं मिळून धावपट्टी खणली. डिसेंबर १९४७ मध्यें मेहरसिंगांनींच तेथें पहिलें विमान उतरविलें. त्यानंतर डाकोटा धान्य व दारूगोळा घेऊन येत आणि जखमी व निर्वासित घेऊन परत जात. शत्रूच्या तोफांनीं धावपट्टी माऱ्यांत आणली, तेव्हां मार्च १९४८ मध्यें २५ पौंडी तोफा विमानांतून आंत नेण्यांत आल्या. देवळालीच्या तोफखान्याच्या शेजारीं राहणाऱ्या नाशिककरांना अशा तोफेचें धूड किती असतें हें सांगावयास नको; ती त्या बाजूच्या दारांतून घ्यावयाची आणि चढावर ढकलावयाची! नोव्हेंबर १९४८ मध्यें वेढा उठेपर्यंत पूंछ जगलें तें या दारावर. त्याच युद्धांत रात्रीं या दारांतून हातांनीं बॉंब लोटण्यांत येत. डग्लस कारखान्याच्या यादींत नसलेलें हें रूप आपल्या वैमानिकांनीं गरजेपोटीं निर्माण केलें.

ही धामधूम संपते न संपते तोंच ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहांटेच्या सुमारास जो तो आपल्या गांवीं परते. बॉंब लोटणाऱ्या दाराच्या भावंडांतून आतां लग्नपत्रिका आणि परीक्षेचे निकाल उतरूं लागले.

यानंतरचा प्रवास थोडक्यांत सांगतां येतो. कानपूरला बांधलेलें अॅव्हरो १९६१ सालीं प्रथम उडालें. १९८४ पासून सोव्हिएत बनावटीचीं अँटोनोव्ह-३२ विमानें आलीं. अँटोनोव्हमध्यें माल चढविण्याचें दार बाजूस नसून शेंपटीखालीं आहे, आणि तें उघडलें कीं जमिनीपर्यंत उतरण होते. जीप सरळ चालत आंत जाते. अॅव्हरोच्या जागीं घेतलेल्या ५६ सी-२९५ विमानांपैकीं ४० विमानें बांधण्यासाठीं बडोद्यास निघालेल्या कारखान्याचें उद्घाटन २०२४ सालीं झालें. त्यांचेंही दार मागेंच.

डाकोटा मात्र अगदींच नाहींसें झालेलें नाहीं. इंग्लंडांत दुरुस्त केलेलें एक जुनें डाकोटा २०१८ सालीं स्वतःच्या पंखांनीं उडत भारतांत आलें आणि वायुदलास अर्पण करण्यांत आलें. त्याला ‘परशुराम’ असें नांव दिलें असून, श्रीनगरच्या उड्डाणांत भाग घेतलेल्या विमानाचा व्ही.पी. ९०५ हा क्रमांक त्याच्या अंगावर रंगविला आहे.