एक मिनिट आपल्यासाठी

आम्ही आशा सेविका. लसीकरण, लोहाच्या गोळ्या, गरोदरपणातल्या तपासण्या यांविषयी बोलायला आम्ही रेडिओवर नेहमी येतो. आज जरा स्वतःविषयी बोलणार आहोत.

दवाखान्यात बाळंतपण झालं, की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघायला घरी जातो. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजतो. तरीही तेवढेच आले, तर बाळाला लगेच दवाखान्यात पाठवतो. लक्ष हललं की मोजणी चुकलीच म्हणून समजा.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीचं असंच झालं. रात्री बाळंतिणीसोबत जागरण, सकाळपासून अहवालासाठी फोनवर फोन, त्यात घरी सासूबाई आजारी. मोजता मोजता चाळिसाच्या पुढे तिला आकडाच आठवेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा विसरली. तिसऱ्यांदा नीट मोजले, तर ६६! परत मोजले, तरी तेवढेच. बाळ वेळेवर दवाखान्यात पोचलं आणि बरं झालं. पण आमच्या बैठकीत ती ढसाढसा रडली. म्हणाली, "बाळ ठीकच दिसतंय म्हणून मी उठणारच होते गं."

त्या दिवशी आम्ही सगळ्याच गप्प झालो. दुसऱ्यांच्या लेकरांचे श्वास आम्ही मोजतो, पण आपल्या श्वासाकडे कधी बघितलंय का?

मग माहिती घेतली. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी दुखण्यांनी आणि ताणानं त्रासलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. श्वासाकडे, अंगाकडे, चालू क्षणाकडे लक्ष देणं, एवढंच त्यात मुख्य. त्याचं मूळ बुद्धांच्या शिकवणीत आहे. आपल्या इगतपुरीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात, तिथेही सुरुवात श्वासापासूनच. आम्हाला दहा दिवस कोण सोडणार? म्हणून रोजच्या कामातच जागा शोधली.

कुणाच्याही दारात चप्पल काढताना तीन श्वास सावकाश घ्यायचे आणि त्याहून सावकाश सोडायचे. ताण आला की छाती धडधडते, श्वास उथळ होतो. श्वास हळू सोडला की धडधड थोडी कमी होते.

दिवसातलं एक काम पूर्ण लक्ष देऊन करायचं. भाकरी थापताना फक्त भाकरी: पिठाचा ओलावा, हाताचा आवाज, तव्याची धग. मन अहवालाकडे पळणारच. उंबऱ्याकडे रांगत निघालेल्या बाळाला आपण जसं न रागावता उचलून आणतो, तसं मनाला परत आणायचं.

रात्री अंथरुणावर पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. डोळे मिटल्यावर भीती वाटली, तर उघडे ठेवा. त्रास वाढला, तर थांबा.

यानं कामाचा बोजा कमी होत नाही, अडकलेलं मानधनही मिळत नाही. घरात मारहाण होत असेल, तर श्वास मोजत सोसायचं नाही, मदत मागायची. पण डोकं ठिकाणावर असलं, की नेमकं काय मागायचं ते कळतं. आम्ही बैठकीत ठामपणे सांगितलं: रात्री जिचं जागरण झालं, तिच्याकडे सकाळी अहवाल मागू नका. त्या दिवशी तिच्या भेटी शेजारच्या वाडीची आशा करेल. ते मान्य झालं.

आणि झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर फोन करा. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.

आता हातातलं काम खाली ठेवा बरं. गॅस बारीक करा. एक हात पोटावर ठेवा. बाळाचे मोजतो, तसे पूर्ण एक मिनिट आपले श्वास मोजू. आम्हीही इथे मोजतोय. चला, एक...