लेकीला आधी सांगा

बायांनो, आज मी जे बोलणार आहे ते ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील. लावा. पण उठून जाऊ नका. ज्यांच्या घरी नऊ-दहा वर्षांची पोर आहे, त्यांनी तर मुळीच उठू नये.

मुलगी मोठी होते म्हणजे काय होते, हे तिला कोणी सांगायचे? आईने. आई नसेल तर आजीने, मावशीने. कोणीच नसेल तर बापानेही सांगावे, त्यात पाप नाही. आणि कधी सांगायचे? पाळी येण्याआधी. आल्यावर नव्हे.

आधी माझी चूक सांगते. माझी थोरली सहावीत होती. बारावे लागले होते. मी मनात म्हणत होते, लहान आहे अजून, सांगू पुढे. एक दिवस ती भर दुपारी शाळेतून आली. दप्तर पाठीला नव्हते, मागे कमरेखाली धरलेले होते. थेट न्हाणीत गेली. बाहेर आली ती गप्पच. दुसऱ्या दिवशी शाळेला गेली नाही. पोट दुखते म्हणाली. मी ओवा दिला. तिसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीमागे तिचे रक्ताचे कपडे सापडले.

मी म्हटले, "अगं, मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "मला वाटलं मला आतून काहीतरी झालंय. मी आता मरणार. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

तीन रात्री माझी पोर माझ्या कुशीला झोपत होती, आणि मरणाची वाट बघत होती. मला ठाऊक नव्हते.

माझ्या आजीच्या वेळी मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत. ओटी भरीत. बायका गाणी म्हणत. साऱ्या गावाला कळे. पण हे काय झाले आणि का झाले, ते त्या मुलीला कोणी सांगत नसे. पुढे मखर गेले, गाणी गेली. न सांगणे तेवढे शिल्लक राहिले.

आमच्या सासूबाई म्हणायच्या, "एवढ्याशा पोरीला असलं सांगितलं तर वळण बिघडेल." मी त्यांना विचारले, "आत्याबाई, आपली गाय माजावर येते. आपण डॉक्टर बोलावून ती भरवून घेतो. ती गाभण राहते, अंगणात विते. पोरं हे सारं बघतात. त्यानं कुणाचं वळण बिघडलं?" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आपली पोरे आंधळी नाहीत. आपण सांगितले नाही तर ती दुसऱ्याकडून ऐकतात, फोनवर बघतात. ते अर्धे असते, आणि घाणेरडे असते.

ही लाज आजची नाही. र. धों. कर्वे नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढले. शरीराची माहिती ते उघड लिहीत. म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. तरी खटला हरले. कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. १९५३ साली ते वारले, तोवर ते चालवले.

आता धाकटीला मी कसे सांगितले ते ऐका. ती दहा वर्षांची झाली. तिची छाती जरा दुखरी झाली, गाठ लागू लागली. बायांनो, ही खूण ध्यानात ठेवा. ही खूण दिसली की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. मग काखेत केस येतात, उंची भराभर वाढते, अंगावरून थोडे पांढरे जाऊ लागते. हा रोग नाही. खाज किंवा घाण वास असेल तरच दवाखान्यात न्यावे.

मी तिची वेणी घालायला बसले. वेणी घालताना बरे असते. पोरीचे तोंड तिकडे, आपले इकडे. दोघींनाही लाज कमी वाटते.

मी म्हटले, "बाळ, बाईच्या ओटीपोटात एक पिशवी असते. लहान पेरूएवढी. बाळ तिच्यात वाढतं. पिशवीच्या दोन्ही अंगांना बी असतं. मुलगी मोठी झाली की महिन्याला एक बी पिकतं. बाळ आलंच तर त्याला बसायला म्हणून पिशवी आतून मऊ अस्तर धरते. बाळ धरलं नाही की ते अस्तर सुटतं आणि लघवीच्या जागेच्या मागच्या वाटेनं रक्तातून बाहेर येतं. तीन-चार दिवस, कुणाला आठवडाभर. मग थांबतं. त्याला पाळी म्हणतात."

"खूप रक्त जातं?"

"दिसायला खूप दिसतं. पण सारं मिळून बहुधा अर्धा कपही भरत नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण बाळ धरतं कसं?"

इथे माझा हात थांबला, खोटे कशाला बोलू? पण सांगितले. "पुरुषाचं बी आणि बाईचं बी एक झालं की गर्भ धरतो. नवरा-बायको मर्जीनं जवळ येतात, तेव्हा पुरुषाच्या लघवीच्या जागेतून ते बी त्याच वाटेनं बाईच्या पोटात जातं. हे मोठ्या माणसांचं काम आहे. लहान मुलांचं नाही."

ती म्हणाली, "शी!" आणि हसली. मग विचारले, "उद्या डब्याला काय?"

झाले. एवढेच होते ते. मी वर्षभर ज्याला भ्याले, ते एका वेणीत संपले. थोरली चुलीपाशी भाकरी करीत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाही सांगितलंस." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी उरलेले सांगितले. "तुझ्या अंगाला कुणी हात लावला, काका असो, मामा असो, मास्तर असो, आणि तुला ते बरं वाटलं नाही, तर ओरडायचं आणि मला येऊन सांगायचं. मी तुला रागावणार नाही." अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी २०१२ सालचा कडक कायदा आहे. १०९८ या नंबरावर फुकट फोन लागतो. तो नंबर पोरीकडून पाठ करून घ्या.

आणखी एक. न्हाण आले म्हणजे पोर लग्नाला आली, असे नव्हे. तिची हाडे अजून वाढायची असतात. अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे.

कपड्याचे थोडक्यात सांगते. सुती फडके किंवा पॅड, काहीही चालेल. चार-सहा तासांनी बदलावे. फडके साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. दुसऱ्या कपड्याखाली लपवून दमट ठेवू नये, त्याने खाज सुटते. पॅड संडासात टाकू नये. पहिली दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, घाबरू नये. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही आली नाही, किंवा आठ दिवसांच्या वर रक्त जात राहिले, किंवा तासातासाला पॅड भिजू लागले, तर दवाखान्यात न्यावे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पोरीने गिळली का, ते विचारीत जा.

शिवाशिवीचे मला विचाराल, तर मी पाळीत लोणच्याची बरणी काढून पाहिली आहे. लोणचे नासले नाही. ज्या रक्ताच्या अस्तरावर आपण सारे वाढलो, ते घाण कसे? तुमच्या देवघरात काय करायचे ते तुम्ही ठरवा. पण पोरीला थंडीत ओट्यावर निजवू नका.

तुम्ही म्हणाल, एवढे समजून करायचे काय? २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांत १३,८६१ जणींची पिशवी काढून टाकलेली आढळली. कित्येक तर चाळिशीच्याही आतल्या. पाळीत उसाच्या फडात खाडा पडतो, खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. गरिबी होती, मुकादम होता, हे खरे. पण "पिशवी काढा" म्हणून डॉक्टर सांगतो, तेव्हा ती पिशवी काय काम करते हे जिला ठाऊक असते, ती निदान विचारते तरी, "का काढायची? दुसरा उपाय नाही का?"

माझ्या धाकटीची पाळी यंदा जत्रेच्या दिवशी आली. दारातून हाक मारली, "आई, ते आलं गं. डबा कुठाय?" पत्र्याच्या पेटीत मी डबा आधीच भरून ठेवला होता. तिने आपले आपण घेतले आणि पुन्हा जत्रेला पळाली.

आता तुम्ही विचारा. सगळ्यांसमोर लाज वाटत असेल तर मी मागच्या पडवीत चहा घेत बसते, तिथे या. पोरीला बरोबर आणलेत तरी चालेल.