सायकलस्वाराचा रस्ता आणि अनुदानाचे गणित



नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन शहरे आज शिकवणीवर्गांची शहरे म्हणून ओळखली जातात. सकाळी या शहरांच्या रस्त्यांवर पाठीला दप्तर लावून सायकलने निघालेली खेड्यापाड्यांतील मुले-मुली दिसतात. त्याच वेळी दूधवाला, गवंडी, दुकानातला नोकर हेही सायकलनेच कामाला निघालेले असतात. ट्रक, एस. टी. आणि मोटारी यांच्या मधल्या हातभर जागेतून या सर्वांना वाट काढावी लागते. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील बिगरशेती कामगारांपैकी सुमारे 13 टक्के लोक कामावर सायकलने जात. रस्ता सर्वांच्या पैशातून होतो. पण त्याची वाटणी मात्र वाहनाच्या आकाराप्रमाणे होते. शहरातील विषमतेचे याहून उघड चित्र शोधावे लागणार नाही.

या प्रश्नाला पैसा कधी मिळालाच नाही, असे नाही. डिसेंबर 2005 मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले आणि त्यात नांदेडचा समावेश झाला. 2008 साली तेथे गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा व्हावयाचा होता, हे त्याचे मोठे कारण. दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना या अभियानात सर्वसाधारणपणे 80 टक्के वाटा केंद्राकडून मिळे. राज्य आणि महापालिका यांनी प्रत्येकी 10 टक्के भार उचलावयाचा असे. नांदेडच्या रस्त्यांच्या नव्या आराखड्यात पदपथ आणि झाडे यांच्या बरोबरीने सायकलमार्गालाही जागा मिळाली. मध्यम आकाराच्या शहरात सायकलस्वाराचा असा विचार होणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. परंतु निधी आला तो सोहळ्याच्या निमित्ताने. लातूरला असे निमित्त नव्हते.

पुढे 25 जून 2020 रोजी केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने सायकलला उत्तेजन देणारी शहरांची स्पर्धा जाहीर केली. स्मार्ट सिटी योजनेतील शहरे, राज्यांच्या राजधान्या आणि पाच लाखांहून अधिक वस्तीची शहरे यांनाच तीत प्रवेश होता. साडेपाच लाखांचे नांदेड या अटीत बसत होते. 2011 च्या गणनेत सुमारे 3.8 लाख भरलेले लातूर दाराबाहेर राहिले. वास्तविक गंजगोलाईभोवती सोळा रस्ते एकत्र येणाऱ्या या शहरात अंतरे सायकलच्या आवाक्यातील आहेत. लहान शहरात सायकल ही गरज असते, महानगरात ती पुष्कळदा हौस असते; आणि निधीचा निकष गरज पाहत नाही, शिरगणती पाहतो.

महापालिकांनी स्वतःच्या पैशातून हे काम करावे, असे सांगणे सोपे आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि रस्ते हे विषय नगरसंस्थांच्या अधिकारात येण्याचा मार्ग खुला केला. पण उत्पन्नाची साधने त्या प्रमाणात आली नाहीत. महाराष्ट्रात जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि 2017 पासून महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या. तेव्हा अनुदान मागणे यात कमीपणा नाही. कर वर जातो, तो परत मागणे हा हक्कच आहे. मात्र मागणी कशाची करावयाची, हे नीट ठरविले पाहिजे.

पहिली मागणी नियोजनाच्या खर्चाची असावी. शहरांच्या वाहतूक आराखड्यांचा निम्मा खर्च केंद्र उचलील, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटले होते. तत्त्व योग्य होते. आधी सायकलस्वार मोजावेत. ते कोठून निघतात, कोठे जातात आणि कोणत्या चौकात जखमी होतात, हे पाहावे. मगच रेघ ओढावी. पुण्याने याच्या उलट अनुभव घेतला. तेथे सायकलमार्ग तुकड्यातुकड्यांनी झाले आणि चौक आला की मार्ग संपू लागला. सायकलस्वाराला खरा धोका चौकातच असतो. रस्त्यावर ओढलेला रंगाचा पट्टा ट्रकला अडवीत नाही. त्यासाठी उंच कडा किंवा कठडा लागतो.

हॉलंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 1971 साली त्या लहानशा देशात वाहनांखाली चारशेहून अधिक मुले मेली. 'बालहत्या थांबवा' अशी घोषणा देत पालक रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकार हलले. प्रारंभी मध्यवर्ती सरकारच्या साहाय्याने टिलबर्ग आणि हेग येथे एकेक नमुनेदार मार्ग बांधण्यात आला. परंतु एकट्यादुकट्या मार्गाने शहरातील सायकलींची संख्या फारशी वाढली नाही. 1980 च्या दशकात डेल्फ्ट शहराने मार्गांचे अखंड जाळे विणले, तेव्हा फरक दिसू लागला. एक देखणा रस्ता उद्‌घाटनाला पुरतो, शहराला नव्हे.

दुसरी मागणी निकष बदलण्याची. लोकसंख्येऐवजी सायकलने जाणाऱ्यांचे प्रमाण आणि अपघात हे अनुदानाचे माप ठरावे. तिसरी गोष्ट मात्र सरकारकडे मागावयाची नाही. ती महापालिकेने स्वतः द्यावयाची आहे. देखभालीसाठी आणि मार्गावर वाहने उभी राहू नयेत यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात कायमचे शीर्ष असले पाहिजे. अनुदानाने मार्ग जन्माला येतो, जगतो तो अंदाजपत्रकावर.

महाराष्ट्र सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी साहाय्य देते. ही योजना स्तुत्यच आहे. पण त्या सायकलवर शाळा पूर्ण करून तीच मुलगी पुढे नांदेडला किंवा लातूरला शिकायला येते, तेव्हा तिला चालविण्यासाठी रस्ता ठेवलेला नसतो. शासनाने तिच्या हाती सायकल देऊन एक वचन दिले आहे. ते अर्धेच पाळले गेले आहे. उरलेले अर्धे वचन म्हणजे तो रस्ता होय.