पायांखालचा काळोख



वसंतातल्या व्याख्यानाला आम्ही पाताळाचा विषय घेऊन आलो, याचे काहींना नवल वाटेल. पण हे पाताळ दूरचे नाही. बडनेऱ्याच्या आसपास ज्याने विहीर खणताना पाहिली असेल, त्याला त्याची वाट ठाऊक आहे. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली माती, मग मुरूम, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा खडक. आज आम्हांला बोलायचे आहे ते या खडकाच्या वर असलेल्या पंधरा-वीस हातांच्या पाताळाविषयी.

सध्या शेतात गेलात तर काळ्या मातीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या दिसतील. ही जमीन मेलेली वाटते. पण मृगाचा पाऊस पडला की बांधावर लाल मखमलीचे किडे चालू लागतात. ते आभाळातून पडत नाहीत. वर्षाचा बहुतेक काळ ते मातीतच काढतात, आणि ओल मिळताच थोड्या दिवसांसाठी वर येतात. मृगाचा किडा हा अर्धा पाताळवासी म्हणावा. याच्याही पुढे जाऊन उजेडाशी कायमचा संबंध तोडलेले जीव आहेत.

त्यांतला एक आपल्याच राज्यात सापडला. मुंबईत जोगेश्वरीला एका अंधशाळेच्या आवारात विहीर आहे. त्या विहिरीतल्या सापासारख्या लांबट, लालसर माशाचे वर्णन 2021 साली प्रसिद्ध झाले. त्याला डोळे नाहीत, पर नाहीत, खवले नाहीत. मुंबादेवीच्या नावावरून त्याला ‘रक्तमिक्थिस मुंबा’ असे नाव दिले. एवढ्या गजबजलेल्या शहरात, माणसांच्या पायांखाली तो कित्येक पिढ्या नांदत होता. केरळात कोट्टायमच्या विहिरींतल्या अशाच एका आंधळ्या माशाचे वर्णन मेनन यांनी 1950 सालीच केले होते.

आता प्रश्न असा की, डोळे गेले कशाने? डार्विनने 1859 साली लिहिले की, न वापरल्याने गेले. पण वापर नसल्याची खबर पुढच्या पिढीच्या बीजाला कशी लागावी? आजचे उत्तर निराळे आहे. उजेडात ज्याच्या डोळ्यांत दोष उपजतो, तो शत्रूच्या तोंडी जातो आणि दोष त्याच्याबरोबर संपतो. काळोखात हा दोष कोणी निवडून काढत नाही. तो साचत जातो. शिवाय डोळा पोसायला अन्न लागते. जिथे तो उपयोगाचा नाही, तिथे तो खर्च वाचवणाराच तगतो.

याची एक सुंदर कसोटी मेक्सिकोतल्या गुहांमधील माशांवर झाली. दोन वेगवेगळ्या गुहांतले आंधळे मासे एकत्र आणले, तर त्यांच्या काही पिलांना दृष्टी असते! 2008 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही घराणी आंधळी झाली होती खरी, पण निरनिराळ्या दोषांनी. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढले.

पूर्वी समजूत अशी होती की, ही किमया खोल गुहांतच घडते, कारण तिथे काळोखाबरोबर उपासमारही असते. अमेरिकेचे कल्व्हर आणि स्लोव्हेनियाच्या पिपन यांनी 2014 साली उथळ पाताळावर ग्रंथच लिहिला. दरडीखालच्या दगडांच्या सांदी, झऱ्याच्या तळची वाळू, मातीखालचा फुटका खडक, अशा दहा मीटरांच्या आतल्या जागांतही डोळे गमावलेले जीव राहतात. तिथे पानांचा कुजका पाला, मुळे, झिरपते पाणी असे अन्न बऱ्यापैकी असते. म्हणजे मुख्य कारण भूक नव्हे, खोलीही नव्हे, काळोख. आणि काळोख तर हातभर मातीखाली सुरू होतो.

पण जे जवळ आहे, ते आपल्या हातून लवकर बिघडते. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरवर बोअर झाले आणि पाणी खोल गेले. आपण पाण्यासाठी हळहळतो, ते योग्यच. परंतु मुरमातले पाणी आटते, तेव्हा त्या ओलीत राहणारा संसारही आटतो. नळ आले आणि जुन्या विहिरींचे उकिरडे झाले. त्या विहिरी या पाताळाच्या खिडक्या आहेत. आपण त्या कचऱ्याने बुजवीत आहो.

केरळात काय झाले पाहा. तिथल्या घराघरांतील माणसांनी विहीर उपसताना, टाकी धुताना सापडलेले आंधळे मासे जपून संशोधकांना कळवले. 2023 साली त्यांतून एक नवी जात ठरली आणि जनतेच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘होराग्लॅनिस पोप्युली’ ठेवले. ज्ञानाला प्रयोगशाळेइतकीच पोहऱ्याचीही गरज लागते!

म्हणून आमची विनंती लहान आहे. यंदा विहिरीचा गाळ काढाल, तेव्हा थोडा गाळ पांढऱ्या परातीत ओता. थोडे पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळा. एखादा फिकट, बिनडोळ्यांचा जीव हलताना दिसला, तर त्याला फेकू नका. जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. आणि काही न दिसले तरी विहीर बुजवू नका. त्याला डोळे नाहीत, आपल्याला आहेत. पाहण्याचे काम आपले आहे.