वस्तीचं रूप कोण ठरवतं?

(अंबाडी इथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



"परवानग्या, झोन, नकाशे हे बिल्डरचं आणि वकिलाचं काम. आपल्याला त्यात काय?" मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, नगररचनाकार नाही, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आज त्याचंच उत्तर देणार आहे.

भिवंडीहून वाडा रस्त्याला लागलं की कवाड, अनगाव मागे टाकत आपण अंबाडी नाक्यावर येतो. इथे रस्ते फुटतात. एक वाड्याकडे जातो, एक वज्रेश्वरीवरून शिरसाडला अहमदाबाद महामार्गाला मिळतो. रस्ते फुटतात तिथे जमिनीला भाव येतो, आणि भाव आला की बांधकाम येतं. यात वाईट काही नाही. गावाला दवाखाना हवा, दुकानं हवीत, पोरांच्या हाताला काम हवं. प्रश्न एवढाच आहे की काय कुठे बांधायचं हे कोण ठरवतं, कधी ठरवतं, आणि ते ठरत असताना आपण तिथे असतो का.

भिवंडीच्या भोवतालच्या गावांत काय झालं ते आठवा. मुंबईत माल शिरला की जकात लागायची. म्हणून मुंबईच्या दाराशी, पण पालिकांच्या हद्दीबाहेर, माल साठवणं व्यापाऱ्याला परवडायचं. भाताची खाचरं भरली आणि पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण महामार्ग आणि मुंबईची जवळीक तीच राहिली. त्यामुळे गोडाऊनंही वाढत राहिली. यातली कित्येक फक्त ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर बांधलेली होती. दाखला मिळाला, वीज आली, घरपट्टी सुरू झाली, आणि मालकाला वाटलं की सगळं कायदेशीर झालं. पण घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. २००७ साली तालुक्यातल्या पन्नासहून अधिक गावांसाठी एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण म्हणून आली, तोवर बरंच काही बांधून झालं होतं. आराखडा मागून आला, गोडाऊन आधी.

यात आपल्याला काय? दोन तारखा सांगतो.

२१ सप्टेंबर २०२०. भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली. १९८४ साली बांधलेली. किमान ३८ माणसं गेली, झोपेत. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला. २९ एप्रिल २०२३. वळपाड्यातल्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत दुपारी कोसळली. खाली गोडाऊन, वर बिऱ्हाडं. ८ माणसं गेली.

गोडाऊनच्या डोक्यावर कुटुंबं राहायला ठेवणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. कुणीतरी तो होऊ देतं, कुणीतरी बघूनही गप्प बसतं. आणि ही "कुणीतरी" मंडळी नेहमी बाहेरची असतात असं नाही. भाडं खाणाऱ्यांत आगरी आहेत, कुणबी आहेत, आपले कोकणी मुसलमानही आहेत. हेवी डिपॉझिट देऊन तिथे राहणारेही आपलेच असतात. "सरकार आपल्यावर अन्याय करतं" हे वाक्य खरं असेल तिथे जोरात म्हणू या. पण आपल्याच मोहल्ल्यातला मालक आपल्याच भाडेकरूला बिनपरवानगीच्या चौथ्या मजल्यावर ठेवतो, तेव्हा गप्प बसायचं, हे चालणार नाही.

आता कायदा. थोडक्यात सांगतो, पण लक्ष देऊन ऐका.

आपल्याकडचा मूळ कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. एमआरटीपी म्हणतात तो. बांधकामाचे बारीक नियम २ डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत आहेत: रस्ता किती रुंद हवा, शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं, पार्किंग किती. आणि परवानगी देणारी कचेरी एका तालुक्यातही एकच नसते. भिवंडी शहरात महापालिका. प्राधिकरणाच्या गावांत एमएमआरडीए. बाकी गावांत गावठाणाबाहेर प्रादेशिक योजना आणि जिल्हाधिकारी. गावठाणात ग्रामपंचायत, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: माझा गट नंबर कुणाच्या नकाशात, कोणत्या रंगात आहे?

दुसरी गोष्ट महत्त्वाची. इंग्लंडमध्ये कुणी बांधकामाचा अर्ज केला की शेजाऱ्यांना कळवतात, त्यांचं म्हणणं मागवतात. आपल्या कायद्यात तसं नाही. अर्ज करणारा आणि कचेरी या दोघांतच तो विषय राहतो. परवानगी नाकारली तर अर्जदार कलम ४७ खाली अपील करू शकतो, शेजाऱ्याला ते अपील नाही. कचेरीने ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर, बांधकाम नियमांत बसत असेल तर, परवानगी मिळाली असं मानलं जातं. म्हणजे समोर जेसीबी लागला तेव्हा तुम्ही जागे झालात, तर तुमच्या हातात तक्रार, माहितीचा अधिकार आणि कोर्ट एवढंच उरतं.

मग सामान्य माणसाला कायद्याने बोलायची जागा कुठे आहे? ती आधी आहे, आराखडा तयार होताना. शहराचा प्रारूप विकास आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नंतर एखादं आरक्षण किंवा झोन बदलायचा असेल तर कलम ३७ खाली पुन्हा सूचना निघते, पुन्हा हरकती मागवतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येते. आपण ते पान उलटतो.

आमच्या कामात एखादा बदल मुख्य प्रणालीत जाण्याआधी सहकाऱ्यांकडे तपासायला जातो. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही की तो आत जातो. नंतर चूक सापडली तर ती काढायला कितीतरी महाग पडते. झोनचंही असंच आहे. त्या ३० दिवसांतली शांतता म्हणजे संमती.

"हरकतींनी काय होतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचं उदाहरण. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा आला. चुका भरपूर होत्या. गावठाणं, कोळीवाडे नीट दाखवले नव्हते, प्रार्थनास्थळांवर भलतेच शिक्के होते. हजारो हरकती गेल्या. ख्रिस्ती गावठाणांतली मंडळी, कोळी, मोहल्ल्यातली माणसं, सगळे नकाशा हातात घेऊन आले. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने करायला सांगितला आणि मे २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला.

आता जरा अवघड भागाकडे येतो. "वस्तीचं रूप", "इलाक्याचं वातावरण" हे शब्द फार कामाचे आहेत आणि फार धोक्याचेही. आपण म्हणतो, "रहिवासी गल्लीत लूम नको, खडखडाट होतो." बरोबर आहे. पण हेच शब्द वापरून कुणी म्हणतं, "या सोसायटीत ते लोक नकोत," "इथे त्यांचं प्रार्थनास्थळ नको, वातावरण बिघडेल." शब्द तेच. मग फरक कसा ओळखायचा?

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. न्यू जर्सी राज्यात बर्नार्ड्स नावाचं टाउनशिप आहे. तिथल्या मुसलमानांनी २०१२ साली मशिदीसाठी अर्ज केला. ३९ सुनावण्या झाल्या. "मशीद नको" असं मंडळाने कागदावर म्हटलं नाही. म्हटलं पार्किंग कमी आहे. चर्च आणि सिनेगॉगला तीन माणसांमागे एक गाडी असा हिशेब होता. त्या हिशेबाने १५० नमाजींना ५० जागा पुरत होत्या. मशिदीला मात्र १०७ मागितल्या. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण कोर्टात गेलं. ३१ डिसेंबर २०१६ ला न्यायाधीशांनी सांगितलं की एकाच नियमाची दोन मापं चालणार नाहीत. पुढच्या वर्षी टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

ते लोक जिंकले, कारण तिथे तीनास एक असा आकडा लिहून ठेवलेला होता. "वातावरण" एवढाच निकष असता तर त्यांच्या हाती काही नव्हतं. लिहिलेला, मोजता येणारा, सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम ही दुबळ्याची ढाल असते. मोघम नियम हे नेहमी बहुसंख्येचं आणि पैशाचं हत्यार होतं.

म्हणून आपण वस्तीच्या रूपाबद्दल बोलू, तेव्हा मोजता येईल त्याबद्दलच बोलू. रस्ता किती मीटर आहे? कंटेनर वळेल का? अग्निशमनची गाडी आत येईल का? सांडपाणी कुठे जाईल, ओढ्यात की गटारात? शाळा सुटताना अवजड वाहनं असतील का? तिथे कोण राहायला येणार, काय खाणार, कुणाची इबादत करणार, हा आपल्या हरकतीचा विषय कधीच होता कामा नये. उद्या आपल्या आळीत दुसऱ्या समाजाचं कुटुंब किंवा मंदिर येणार असेल तेव्हाही हेच माप लावायचं. तेव्हाच आपल्याला दुसऱ्याकडून तेच माप मागता येईल.

कागद आपल्याला एवढा महत्त्वाचा का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुम्हा सगळ्यांच्या मनात आहे. बुलडोझर. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही. १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर पुन्हा १५ दिवस, आणि पाडकामाचं चित्रीकरण, हे सगळं बंधनकारक केलं. तरी मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीनंतर आरोपीचं घर पाडलं गेलं. २४ मार्चला नागपूर खंडपीठाने पुढच्या कारवाईला स्थगिती दिली. नंतर पालिका आयुक्तांनी न्यायालयात माफी मागितली. निर्देश आपल्याला माहीत नव्हते, असं त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्याला माहीत नसेल तर आपल्याला माहीत असलं पाहिजे.

पण हाच निकाल पुढे काय म्हणतो तेही वाचा. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. आणि निकालाने मिळते ती वेळ आणि सुनावणी. परवानगी नसलेल्या घराला तो परवानगी देत नाही. सुनावणीत दाखवायला कागद तर हवा! ज्याचं घर बिनकागदाचं, त्याच्या घरावर कुणाचाही राग निघू शकतो. म्हणून परवानगी घेऊन बांधणं हा आपल्यासाठी नुसता नियमाचा भाग नाही, ती सुरक्षा आहे.

मग अंबाडीत काय करायचं?

एक. प्रत्येकाने घरी जाऊन तीन कागद शोधा: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. जो नसेल त्याची नोंद करा. छोट्या घरासाठी प्रक्रिया आता सोपी आहे. नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, कागद आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानली जाते.

दोन. आपल्या गट नंबरांचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागवा. महाभूनकाशावर गटाची हद्द दिसते, गुगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रं दिसतात. ओढा कुठे होता आणि कधी बुजला हे कुठल्या पुढाऱ्याला विचारायची गरज नाही. तुमच्यातले संगणकवाले हे दोन रविवारांत करतील.

तीन. मोठं बांधकाम दिसलं की तिथला फलक वाचा. परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहिणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका.

चार. ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार होतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यापैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. शंभर माणसं! जुम्म्याला त्याहून जास्त जमतात. आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. पाणी कुठे तुंबतं, कुठल्या वळणावर पोरं गाडीखाली येतील, हे घरातल्या बायांना आधी कळतं. त्यांना ती सभा मिळालीच पाहिजे. ना-हरकत दाखल्याचा विषय असेल तर ठरावाची नक्कल मागा.

हे काम एकट्या मुसलमानांचं नाही. कंटेनरच्या धुळीला धर्म नसतो, गटाराच्या पाण्यालाही नसतो. १९८४ च्या दंगलीनंतर पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये, मुंबई जळत असताना, भिवंडी शांत राहिली. तिथे शेजारी एकत्र बसले ते दंगल टाळायला. आपण नकाशा वाचायला बसू. आगरी, कुणबी, आदिवासी, मुसलमान, सगळे एका सतरंजीवर.

पुढची ग्रामसभा लागली की तारीख ग्रुपवर टाकतो. येताना गट नंबर लिहून आणा.