पुस्तक वाचायचं कुठं? आणि कधी?

(कल्याण पूर्वेतल्या एका वस्तीत तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यकर्त्यांनी मला विषय दिला, 'वाचनाची आवड'. सोबत कागदावर प्रश्न लिहून दिला : माणसाला पुस्तक कुठं आणि कधी वाचायला आवडतं? पेपरांच्या रविवारच्या पुरवण्यांत या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असतात. पावसाळी दुपार, खिडकीजवळची आरामखुर्ची, वाफाळता चहा. कुणाला झोपताना उशाशी दिवा लावून, कुणाला सुट्टीत समुद्रकाठी. वाचायला बरं वाटतं. पण या उत्तरांत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. घरात एक खोली रिकामी आहे, दिवा आपल्या ताब्यात आहे आणि दुपार आपल्या मालकीची आहे. ह्या तिन्ही गोष्टी इथं बसलेल्यांपैकी किती जणांकडं आहेत? हात वर करा.

बघा. मोजायलाही वेळ लागला नाही.

आमच्या घरात सात माणसं आणि एक खोली. मी वाचलं ते पाण्याच्या रांगेत. पहाटे चारला नळ यायचा, तीनला हंडे लावायचे. हंडा पालथा घालून त्यावर बसायचं आणि रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक उघडायचं. मला तिथं वाचायला आवडायचं का? हा प्रश्नच तेव्हा सुचला नाही. तिथं उजेड होता, तासभर कुणी हाक मारणार नव्हतं, एवढंच. आमच्या माणसाची आवड विचारायची तर आधी उजेडाचं, जागेचं आणि वेळेचं विचारा.

बाबासाहेबांचं उदाहरण आपण सगळेच देतो. पण देतो कसं? 'अठरा-अठरा तास वाचायचे' म्हणतो आणि टाळ्या घेतो. जरा जवळ जाऊन बघा. परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्याच खोलीत चूल, माणसं, सामान. रामजीबाबा पोराला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग पोराला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. खोलीत दोघांना पुरेल एवढी जागाच नव्हती. मग तो पोरगा चिमणीच्या उजेडात वाचायला बसायचा. आवड त्याची होती, कबूल. पण त्या आवडीला जागा कुणी दिली? बापानं आपली झोप मोडून दिली.

दिवसा तोच पोरगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. घरात जागा नाही म्हणून बाग. तिथंच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढं १९२० नंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसणारा माणूस तोच. आणि तिसाच्या दशकात दादरला घर बांधलं ते कशासाठी? राजगृह हे पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलेलं घर आहे. चाळ, बाग, परदेशातलं वाचनालय, राजगृह - हा सगळा प्रवास वाचायला जागा मिळवण्याचा आहे. म्हणून १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. दिवसा ऑफिसात राबणाऱ्या पोराची सोय कशी लागेल, ते त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही.

जोतीराव-सावित्रीबाईंनी हेच नव्वद वर्षं आधी केलं होतं. १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा. शेतकरी, मजूर दिवसा येऊ शकत नाही, तर शाळेनं रात्री उघडावं. एवढा साधा हिशोब! तो आजही आपल्या वाचनालयांना जमत नाही.

अण्णाभाऊंना शाळेनं काही दिलं नाही. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत त्यांनी अक्षरं गोळा केली. त्यांचं वाचनालय म्हणजे मुंबईचा रस्ता. आणि बेबीताई कांबळे? फलटणला दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे तुकडे वाचायच्या. स्वतः लिहायला लागल्या तेव्हा वह्या घरात लपवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं १९८६ साली. वह्या कुणापासून लपवायच्या? मनुवाद्यांपासून? नाही दोस्तहो, आपल्याच घरातल्या पुरुषांपासून. हे वाक्य ऐकून कुणाची मान खाली जात असेल तर जाऊ द्या.

आता आपल्या गावाकडं येऊ. ठाणे आणि कल्याण म्हणजे काही वाचनाचा उजाड माळ नव्हे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. आणि रुळांमागून कारकून आला, मास्तर आला, वकील आला, पेपर आला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांच्या पुढाकारानं निघालेलं. मराठी पुस्तकं त्या लोकांनी जपली म्हणून टिकली, हे नाकारण्यात शहाणपण नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. १८६४ साली आपला पणजोबा कुठं होता? गावकुसाबाहेर होता, नाहीतर रेल्वेच्या भरावावर माती टाकत होता. रूळ घालायला त्याचे हात चालले. वाचनालयाच्या बाकावर त्याची सावली चालली नसती.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. त्या ठरावाच्या जोरावरच पुढं १९२७ ला महाडचं तळं. ती यादी पुन्हा वाचा. तीत वाचनालयाचं नाव नाही! पाण्यासाठी मारामारी होती, वाचायचं कुणाच्या डोक्यात येणार? पण मला वाटतं, त्या यादीतली ती रिकामी जागा आपण अजून भरलेली नाही.

आता कुणी जात विचारून वाचनालयाचं दार लावत नाही. कायदा आहे. पण दार लावायच्या आणखी तऱ्हा असतात. मी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम केलं. एका वाचनालयात, नाव सांगत नाही, सभासद व्हायला गेलो. अनामत रक्कम, जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही, आणि मग टेबलामागचा प्रश्न, 'राहायला कुठं?' वस्तीचं नाव सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, 'पुस्तकं परत येत नाहीत हो तिकडून.' वस्तीत जुना सभासद कुठून आणायचा? आणि समजा सही मिळाली, तरी दार संध्याकाळी आठला बंद. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी येऊन झोपतो, दुसऱ्या पाळीचा रात्री बाराला घरी येतो, रात्रपाळीचा दिवसभर मेलेला असतो. ती वेळ कुणाच्या घड्याळावर ठरवली? दहा ते सहा ऑफिस करणाऱ्याच्या.

मग उरते लोकल. डोंबिवली-कल्याणचा माणूस गाडीत वाचतो, असं कौतुकानं सांगितलं जातं. खरं आहे. डोंबिवलीकर बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटा कल्याणला जातो आणि त्याच गाडीनं मुंबईला येतो. बसायला मिळालं तर तासभर वाचन. पेपराची उभी घडी घालून एका हातानं वाचायची कला इथंच जन्मली असेल. बायकांच्या डब्यात एकीच्या मांडीवर पोथी, दुसरीच्या मांडीवर मेथीची जुडी. हा डबा म्हणजे कष्टकऱ्यांचं सर्वांत मोठं वाचनालय, असं मीही म्हणायचो. पण बसून वाचणारा कोण आणि दारात लटकणारा कोण? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना घासून जाताना दारातली माणसं खाली पडली, काही जीव गेले. दिवा-मुंब्र्यात चढणाऱ्याला पाय टेकायला जागा नाही, तो पुस्तक कुठं धरणार? आणि नाका-कामगाराला, घरकामाच्या बाईला तर लोकलचा तासही नसतो. ती दोन रस्ते ओलांडून बाजूच्या सोसायटीत चालत जाते.

सरकार काय करतं? मद्रास प्रांतानं १९४८ साली ग्रंथालयाचा कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला. लोकांच्या पैशातून वाचनालय, म्हणून ते लोकांच्या हक्काचं. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ ला. त्यात उपकर नाही. अ, ब, क, ड असे वर्ग लावायचे आणि संस्थांना अनुदान द्यायचं. म्हणजे ज्यांच्याकडं आधीच संस्था, इमारत, ट्रस्टी आहेत, त्यांनाच अनुदान. वस्तीत संस्थाही नाही आणि इमारतही नाही. आणि पुस्तकांचं म्हणाल तर बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड सरकार १९७९ पासून काढतंय. छपाई इतकी रखडली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलपुढं उभं राहून बघा. एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी. ज्याला नीट वाचता येत नाही तोही पुस्तक घेतो, पोरगी वाचून दाखवील म्हणतो. आणि हे सांगतात, दलितांना वाचनाची आवड नाही!

'पोरगी वाचून दाखवील.' यात आपली खरी रीत आहे. एकट्यानं, मुक्यानं वाचणं हा वाचनाचा एक प्रकार झाला. आपल्याकडं 'मूकनायक' आला १९२० ला, 'बहिष्कृत भारत' १९२७ ला, 'जनता' १९३० ला. एक अंक, एक वाचणारा आणि भोवती पंधरा ऐकणारे. अजून बघा, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. वाचणारी बाई अडखळते, मागून एखादी म्हातारी शब्द पुरा करते, कारण तिनं तो पंधरा पावसाळे ऐकलाय. अक्षर न येणाऱ्या बाईला ग्रंथ पाठ! आरामखुर्चीतल्या कुठल्या वाचकाला हे जमलंय?

मोबाईलनं वाचन मारलं, असं परवा एक प्राध्यापक म्हणाले. आपल्या पोरांच्या हातात पुस्तक पहिल्यांदा मोबाईलवरच आलं, रात्री पांघरूणात, कुणाची झोप न मोडता. पांघरुणातला तो उजेड रामजीबाबांना मिळाला असता तर त्यांना झोप मोडावी लागली नसती. मोबाईलला शिव्या देण्याआधी पोराला टेबल द्या.

म्हणून आता कामाचं बोलू. आपल्या वस्तीतल्या समाजमंदिराला कुलूप असतं. ते लग्नाला, बारशाला आणि निवडणुकीला उघडतं. किल्ली नगरसेवकाच्या माणसाकडं. ती किल्ली आधी मागायची. पहाटे चार ते आठ आणि रात्री आठ ते बारा, या वेळात दिवा आणि सतरंजी. स्पर्धा परीक्षेची पोरं आपोआप येतील, त्यांना येऊ द्या. पण एक कोपरा परीक्षेशी संबंध नसलेल्या वाचनाला ठेवा. नोकरी लागली की पुस्तक सुटतं, तो रोग आपल्यात पसरलाय. सभासद व्हायला जामीन नको. पुस्तक हरवलं तर हरवलं. कपाटात कुजण्यापेक्षा वस्तीत हरवलेलं पुस्तक कुणाच्या तरी घरात सापडतं.

आठवड्यातून दोन संध्याकाळी ती जागा फक्त बायकांची. आणि त्या वेळात चूल, पोरं, पाणी कोण बघणार, हे इथं बसलेल्या पुरुषांनी आजच सांगायचं. ते सांगता येत नसेल तर फुले-आंबेडकरांचे फोटो भिंतीवरून उतरवून ठेवा.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महानगरपालिका आहेत, घरपट्टी घेतात. दर वॉर्डात रात्री उघडी राहणारी वाचनाची खोली मागायला मोर्चा काढावा लागला तर काढू. पाण्यासाठी काढलाच की. नळाची वेळ पालिका ठरवते, तशी दिव्याची वेळ आपण ठरवून सांगू.

समाजमंदिराची किल्ली उद्या संध्याकाळपर्यंत मागायची. कोण कोण येणार ते आत्ताच नावं लिहून द्या, वही त्या टेबलावर आहे.

जय भीम!