सही करण्याआधी एक चित्र बघा

(दुबईत एका रविवारी मराठी कामगारांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आठवड्यातून एक सुट्टी. त्यात कपडे धुवायचे, बाजार करायचा, घरी बोलायचं. तरी तुम्ही आलात, म्हणून फार वेळ घेत नाही, मुद्द्यावरच येतो.

आज मी एक पुस्तक आणलंय. सव्वाशेच्या वर पानं आहेत, पण वाचायला एक वाक्य नाही. नुसती चित्रं. नाव ‘द अरायव्हल’. ऑस्ट्रेलियातल्या शॉन टॅन नावाच्या चित्रकाराने काढलंय, 2006 साली आलं. त्याचे वडील स्वतः मलेशियातून ऑस्ट्रेलियात गेलेले. अशा पुस्तकाला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. आपण लहानपणी एसटी स्टँडवर ‘अमर चित्रकथा’ घ्यायचो ना, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. परदेशातल्या शाळांत मुलांना स्थलांतर म्हणजे काय हे शिकवताना मास्तर लोक हे पुस्तक वापरतात.

गोष्ट काय? एक माणूस बॅग भरतो. बॅगेत बायको-मुलीचा फोटो ठेवतो आणि बोटीने परक्या शहरात जातो. तिथली अक्षरं त्याला कळत नाहीत. तपासणीवाले कोटावर चिठ्ठ्या लावतात, त्याही त्याला वाचता येत नाहीत. राहायला जागा हवी म्हणून तो वहीत खाटेचं चित्र काढून दाखवतो. पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, तर सगळी पोस्टरं उलटी चिकटवतो आणि काम जातं.

हे पुस्तक मी आमच्या खोलीत दाखवलं. लांज्याचे एक काका आहेत, चौथीपर्यंत शिकलेले. कुठलाही कागद पुढे केला की ‘तूच वाच रे बाबा’ म्हणतात. पण हे पुस्तक त्यांनी तासभर हातातून सोडलं नाही. त्यात एका मुलीची गोष्ट आहे. तिचं पुस्तक काढून घेऊन कुलपात ठेवतात आणि तिला कामाला जुंपतात. त्या पानावर बोट ठेवून काका म्हणाले, ‘हा आपला पासपोर्ट.’ मी काही सांगितलं नव्हतं. ते चित्र त्यांनीच वाचलं.

त्या रात्री मला माझी सही आठवली.

मी शटरिंग कारपेंटर म्हणून आलो. मुंबईत एजंटने तोंडी सांगितलं, ‘बाराशे दिरहम पगार, राहणं फुकट.’ इथे उतरल्यावर पुढे कागद आला. बाराशेच होते, पण बेसिक सहाशे आणि बाकी भत्ता. मला वाटलं, बाराशे ते बाराशे! केली सही. त्याचा अर्थ नोकरी सोडताना कळला.

हिशोब बघा. वर्ष पूर्ण झालं की इथे ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा पगार. पण तो पगार कुठला? बेसिक. बेसिक सहाशे असेल तर वर्षाचे 420, म्हणजे पाच वर्षांचे 2,100 दिरहम. बेसिक हजार असतं तर वर्षाचे 700, पाच वर्षांचे 3,500. चौदाशे दिरहमचा फरक, एका शब्दात. ओव्हरटाइमचा दरसुद्धा बेसिकवरच धरतात.

हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. कागदात लिहिलेलं होतं. पण लिहिणं वेगळं आणि समजणं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली ऑफर लेटर आपल्या भाषेत मिळतं. खरं आहे. अमिरातीत अरबी आणि इंग्रजीबरोबर तिसऱ्या भाषेत ते द्यायची सोय झाली. हिंदी आहे, उर्दू आहे, बंगाली, मल्याळम, तमिळ, नेपाळी आहे. त्या यादीत मराठी नाही. आपला माणूस हिंदी सिनेमा बघतो, पण ‘मूल वेतन’, ‘परिवीक्षा अवधि’ वाचून त्याला काय कळणार? म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागेल.

आम्ही काय केलं ते सांगतो. खोलीत एक पोरगा आहे, साइनबोर्ड रंगवायचा गावाकडे. त्याला सांगितलं, भाकरी काढ. एका भाकरीचे दोन तुकडे, एक बेसिक, एक भत्ता. दुसऱ्या चौकटीत माणूस बॅग घेऊन घरी निघालाय आणि हातात फक्त बेसिकच्या तुकड्यातला घास. झालं! त्या दोन चौकटींवर तीन मिनिटं मराठीत बोलून व्हिडिओ केला आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकला. माझ्या मेव्हण्याने तो बघितला आणि एजंटला पहिला प्रश्न विचारला, ‘बेसिक किती?’ एजंट गप्प झाला म्हणे.

यालाच मी ऑनलाइन धडा म्हणतो. वेबसाइट नको, स्टुडिओ नको. एक धडा, एक मुद्दा, तीन मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत बघून संपला पाहिजे. शेवटी बघणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने आवाजात उत्तर पाठवायचं. लिहायला लावलं की आपले लोक लाजतात, बोलायला लावलं की थांबत नाहीत!

पुढचे धडे कुठले करायचे ते मी मनात धरलंय.

पहिला, विमानात बसण्याआधीचा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्याला इथे नोकरीला यायचं तर ई-मायग्रेटवरून मंजुरी लागते. एजंट म्हणतो, ‘कशाला ती भानगड, व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतील.’ हे चित्र काढा: दोन दरवाजे. एका दरवाजामागे नोंदलेला करार आणि प्रवासी भारतीय विमा, ज्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण आहे. दुसऱ्या दरवाजामागे काहीच नाही. उलट व्हिजिट व्हिसावर काम करणं हाच इथे गुन्हा.

दुसरा, पैशांचा. भारतात नोंदणी असलेल्या एजंटला फी म्हणून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. इथल्या कायद्याने तर भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून काढायचा नाही. आपल्याकडे लोक दागिने गहाण ठेवून लाख-दीड लाख देतात. त्या चित्रात एजंट नको, बायकोच्या हातातल्या बांगड्या काढा. घरच्यांना लगेच कळेल.

तिसरा, पासपोर्टचा. तो कंपनीने ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. लांज्याच्या काकांनी तो धडा सांगायचं कबूल केलंय.

आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी एकच नंबर मोठ्या अक्षरात: 80046342. अडचणीतल्या भारतीयांसाठी अमिरातीतली फुकट मदत लाइन आहे.

आता सावधगिरीचं बोलतो, हे नीट ऐका. इथे दुसऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या परवानगीशिवाय काढणं आणि पसरवणं गुन्हा आहे. इंटरनेटवर कुणाची बदनामी केली तरी केस होते. रागाच्या भरात फोरमनचा व्हिडिओ टाकून चांगली माणसं अडकू शकतात. चित्राचा हाच फायदा आहे. त्यात खरा चेहरा लागत नाही. पण म्हणून चित्रात कंपनीचं नाव, लोगो, गाडीचा नंबर काढू नका. आपल्याला कुणाची अब्रू काढायची नाही, आपल्या माणसाला शहाणं करायचंय. तक्रार असेल तर ती मंत्रालयाकडे करायची, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

कुणी म्हणेल, आपण मजूर माणसं, पुस्तकं काढणं आपलं काम नव्हे. त्याला एका जपानी माणसाचं सांगतो. हेन्री कियामा. 1904 साली जपानमधून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तो आणि त्याच्यासारखे लोक गोऱ्यांच्या घरी गडी म्हणून राबायचे, इंग्रजी कळेना म्हणून शिव्या खायचे, कामावरून निघायचे. ते सगळं त्याने हसत हसत चित्रांत काढलं. 52 छोट्या गोष्टी. 1931 मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापलं. जपानी लोकांना अमेरिकेचे दरवाजे 1924 च्या कायद्याने बंद झाले होते, पण त्याची चित्रं राहिली. पुढे 1999 मध्ये ती इंग्रजीत आली आणि आज त्या काळच्या कामगारांचं जगणं समजून घ्यायला लोक तीच उघडतात. परीक्षेसाठी नव्हे, स्वतःच्या लोकांसाठी काढलेली गोष्ट होती ती.

तेव्हा आज घरी जाताना एवढंच करा. आपल्या बाबतीत जी एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं, ती आठवा. एकच. चार चौकटींत काढा. माणूस काढता येत नसेल तर काडीचा काढा. चालतं! आणि गावाकडे जो कुणी बॅग भरायच्या तयारीत असेल, त्याला पाठवा. मेव्हणा असेल, पुतण्या असेल, शेजारची एखादी ताई घरकामाला यायला निघाली असेल.

‘द अरायव्हल’चं शेवटचं पान सांगून थांबतो. त्या माणसाची बायको आणि मुलगी त्याच्याकडे येऊन पोहोचलेली असतात. मग एक दिवस रस्त्यावर नवी आलेली बाई नकाशा घेऊन गोंधळून उभी असते. ती छोटी मुलगी तिच्याजवळ जाते आणि हात करून वाट दाखवते.

आपल्याला वाट दाखवायला कुणी नव्हतं. निदान आपल्या मागून येणाऱ्याला तरी असावं.

आता चहा घ्या, आणि कागद-पेन्सिल त्या टेबलावर ठेवलीय.